पुढच्या सीटवरचे केस

सोमवार, ३ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहून काढा. रक्तदाब ताब्यात राहील. ठीक आहे, लिहितो. त्या गाडी-धुलाईवाल्याला लाज म्हणून कशी ती नाही!

सकाळी गाडी त्याच्याकडे टाकताना मी त्याला सरळ शब्दांत सांगितलं होतं. बाहेरून धुतली नाहीस तरी चालेल, चिखल राहू दे. पण आत कुत्र्याचा एक केस राहता कामा नये. आमची नात यायची आहे आणि कुत्र्याच्या केसानं तिला दमा उठतो. 'काका, निश्चिंत राहा,' म्हणाला. संध्याकाळी आणायला गेलो तर गाडी बाहेरून अशी चकचकीत की तिच्यात बघून दाढी करावी. आत अत्तराचा घमघमाट. आणि डिकी उघडून बघतो तर गालिच्यावर केस! पांढरे, आमच्या ढब्बूचे, विणीत सुयांसारखे रुतलेले. मी त्यातला एक उपटून त्याच्या नाकासमोर धरला. म्हणतो कसा, 'काका, एवढं बारीक कोण बघतं?'

मी बघतो. कापडगिरणीत सगळी नोकरी तागे तपासण्यात गेली माझी. यंत्रावरून सरकणाऱ्या कापडात एखादा धागा तुटलेला असला तर मला चष्म्याशिवाय दिसायचा. मी नापास केलेला तागा पास करून दाखवणारा माईचा लाल त्या गिरणीत जन्माला आला नाही. आणि हा मला विचारतो, कोण बघतं!

गाडी तशीच घेऊन आलो. उद्यापासून मी स्वतः. आपला हात जगन्नाथ.

डॉक्टरसाहेब, लिहून काढलं. राग आहे तिथंच आहे.

मंगळवार, ४ एप्रिल

लेकीचा फोन आला. वीस तारखेला भिंगरीला घेऊन येते म्हणाली. भिंगरी म्हणजे नात. एका जागी टिकत नाही म्हणून मीच पाडलेलं नाव. सुट्टीभर इथं राहील. मी खूश होऊन काही बोलणार एवढ्यात लेकीनं अट घातली.

'बाबा, स्टेशनवर आधी मी गाडी आतून बघणार. एक केस दिसला तर पुढच्या ट्रेननं परत.'

'बापाशी असं बोलतेस?'

'तुमच्याकडूनच शिकले.'

चूक तिची नाहीच. मागच्या सुट्टीत स्टेशनवरून घरी येईपर्यंत गाडीतच पोरीला धाप लागली. ओठ निळे पडले. गाडी घराऐवजी दवाखान्यात नेली. तोंडावर वाफेचा मुखवटा चढवलेली ती एवढीशी पोर मी पाहिली आहे आणि मला ते या जन्मात पुन्हा बघायचं नाही.

म्हणून ढब्बू दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला लाकडाची वखार आहे, तिथल्या मालकाला राखणीसाठी कुत्रा हवाच होता. मीच नेऊन सोडला आणि मागं न बघता आलो. दिला तो दिला. नापास तागा एकदा बाजूला काढला की त्याच्याकडे परत बघायचं नसतं, नाहीतर पुढच्या ताग्याला हात थरथरतो. लोक तोंड पाडून विचारतात, करमत नसेल ना? न करमायला काय झालं? हल्ली पहाटे आपोआप जाग येते एवढंच, पण ते वयानं.

खरं तर बायकोनं सुटकेचा श्वास टाकायला हवा. ढब्बू माझा कुत्रा. आणला मी, नाव ठेवलं मी, सकाळ-संध्याकाळ फिरवला मी. ही पहिल्या दिवसापासून त्याच्या नावानं खडे फोडत आली. खाऊन खाऊन भोपळा झालाय, लाद्या घाण करतो, एक ना दोन. आता शांत बसून चहा पी म्हटलं तर तेही नाही. आज दुपारी गाडी घेऊन पोहण्याच्या तलावावर गेली. गुडघ्यासाठी पाण्यातले व्यायाम सांगितलेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार असा वर्ग असतो. साठीला टेकल्यावर गाडी शिकली आणि आता माझ्यापेक्षा तीच जास्त चालवते. असो, मोठ्या उत्साहानं जाते. गुडघा सुधारत असणार.

गुरुवार, ६ एप्रिल

कालचा अख्खा दिवस आणि आज दुपारपर्यंत गाडीत. नाकी नऊ आले.

व्हॅक्यूम क्लीनर हे या कामातलं सगळ्यात निरुपयोगी यंत्र. धूळ ओढतं आणि केसाला नुसता वारा घालतं. केस विणीत शिरलेला असतो, त्याला आधी उकरून वर आणावं लागतं. मी भांडी घासायचा रबरी मोजा हातात चढवला, सीटवर पाण्याचा हलकासा फवारा मारला आणि हात एकाच दिशेनं आपल्याकडे ओढत आणला. केसांची वळकटी होऊन आली, जाडजूड सुरवंटासारखी. डिकीच्या गालिच्याला काचा पुसायचा रबरी वायपर लावला. तोही एकाच दिशेनं. मागंपुढं घासलं की केस पुन्हा आत जातो, आणि त्या धुलाईवाल्यानं नेमकं तेच केलं होतं, उंटावरचा शहाणा! शिवणींना जुना टूथब्रश. सीटखालच्या रुळांच्या फटीत फुटपट्टीवर उलटी गुंडाळलेली चिकटपट्टी. एसीची जाळीसुद्धा काढून झटकली. गुडघे टेकून, मान वाकडी करून, डोकं खाली आणि बाकीचं वर अशा अवस्थेत शेजाऱ्यांनी मला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

दुपारी गाडीत केस औषधालाही नव्हता. हिनं किल्ली घेतली, 'झालं का समाधान?' म्हणाली आणि वर्गाला गेली.

संध्याकाळी बघतो तर पुढच्या डाव्या सीटवर केस!

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मग शांतपणे विचार केला आणि कारण सापडलं. हे गिरणीतल्या माणसालाच कळणार. कापड घासलं गेलं की आत दबलेला तंतू वर येतो. नव्या स्वेटरवर बारीक गोळे येतात ते असेच. ढब्बूचे इतक्या वर्षांचे केस सीटच्या स्पंजापर्यंत गेलेत, आणि गाडीच्या हादऱ्यानं ते आता एकेक करून वर येताहेत. हिला सगळं समजावून सांगितलं. ही लगेच म्हणाली, 'तसंच असेल.'

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं म्हणणं हिला पहिल्या झटक्यात पटल्याचं मला आठवत नाही. शास्त्राला धरून बोललं की असं होतं.

शनिवार, ८ एप्रिल

शास्त्रात कुठंतरी गडबड आहे. मागची सीट स्वच्छ, डिकी स्वच्छ, चालकाची सीट बऱ्यापैकी. केस फक्त पुढच्या डाव्या सीटवर. हादरे काय तेवढ्या एकाच सीटला बसतात? वर त्या बाजूच्या काचेला आतून ओलसर, चिकट डाग. दर वेळी मी पुसतो, दर वेळी हजर. गल्लीतल्या पोरांच्या नावानं ओरडलो, तर पोरं म्हणाली, आजोबा, काच आतून घाण आहे. कार्टी बरोबर होती.

आज हिला सरळ विचारलं. भाजी चिरायची थांबली. मग म्हणाली, 'मैत्रीण असते बरोबर.'

'कसली मैत्रीण?'

'वर्गातली. जाता-येता सोडते तिला.'

'तिच्याकडे कुत्रा आहे की काय?'

हिनं जरा विचार केला. 'तिच्या घरी कुत्रा आहे, हो.'

बघा! इथं मी रुळांच्या फटीतून एकेक केस काढतोय, आणि ही एका अनोळखी बाईला बसवून दुसऱ्याच कुत्र्याचे केस घरी आणतेय. आणि ती बाई! काचेला डोकं टेकून बसते, तेल लावत असेल केसांना. बरं, तिचाही कुत्रा पांढराच निघाला. आमचं नशीब.

मंगळवार, ११ एप्रिल

सकाळी पुन्हा मोजा, फवारा, वायपर. हिला म्हटलं, त्या मैत्रिणीशी मला बोलू दे. दोन शब्दांत काम होईल. गाडीत बसण्याआधी अंग झटकावं, एवढंच.

'ती फारशी बोलत नाही,' ही म्हणाली.

'मी बोलेन, तिनं ऐकावं.'

'ऐकत तर ती कुणाचंच नाही.' मग जरा वेळानं आपणहून म्हणाली, 'वाईट वाटतं हो तिचं. घरची माणसं सोडून गेली तिला. आधी चांगलं खायची, आता ताटाला तोंड लावत नाही. मी डबा नेते म्हणून दोन घास जातात पोटात.'

'सोडून गेली? म्हणजे काय? भांडण झालं?'

'भांडण नाही. त्यांचा नाइलाज होता म्हणे.'

नाइलाज! ही बरी पळवाट सापडली आहे लोकांना. ज्यानं जीव लावला त्याला उचलून कुठंतरी टाकायचं, वर नाइलाज म्हणून हात झटकायचे. मागं वळून बघत तरी असतील का? असल्या माणसांना भर चौकात उभं करून जाब विचारला पाहिजे. मी हिला हे असंच्या असं बोलून दाखवलं. ही माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, 'लिहा ते वहीत तुमच्या,' आणि आत गेली.

हल्ली हिचं काही कळत नाही. तलावावरून येते तर टॉवेल कोरडा. विचारलं तर तिथं केस वाळवायचं यंत्र आहे म्हणाली. पण त्या कोरड्या टॉवेलावरसुद्धा कुत्र्याचे केस! त्या बाईला टॉवेलही हिचाच लागतो का?

गुरुवार, १३ एप्रिल

पुढच्या डाव्या सीटचं जुनं कव्हर फाडून काढलं आणि नवं कोरं घातलं. पायाशी नवी चटई. आता वर यायला आत जुना केस उरलाच नाही. शिवाय हिच्याकडे एक जुनी चादर दिली. तिला म्हणावं, हिच्यावर बस. अपमान वाटला तर वाटू दे.

'सांगते,' ही म्हणाली. हसू दाबत होती असं मला वाटलं. यात हसण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी चादर चुरगळून पायाशी पडलेली आणि नव्या कोऱ्या कव्हरवर केसांचा थर. बाई आहे की फुटलेली उशी! मी लेकीला फोन करून सांगणार होतो की अजून आठवडाभर थांब. पण मग भिंगरीच फोनवर आली आणि म्हणाली, 'आजोबा, मी बॅग भरली.' इतक्या आधी! मी थांबायचं काढलंच नाही. ती पोर स्टेशनवरून परत गेली तर त्याला जबाबदार कोण? ती बाई. आणि तिला डोक्यावर बसवणारी ही.

परवा मी स्वतः तलावावर जाणार. हिला सांगणार नाही.

शनिवार, १५ एप्रिल

वही मांडीवर ठेवून लिहितोय. अक्षर वाईट येईल.

ही गाडी घेऊन निघाल्यावर मी बसनं तलावावर गेलो. त्या मैत्रिणीला द्यायला कपडे झटकायचा नवा ब्रश घेतला होता; म्हटलं भांडण नको, वस्तू हातात ठेवू. वर्ग चालू होता. पाण्यात सगळ्या आजीबाई हात वर करून उभ्या. ही त्यांत नाही. दाराशी चिठ्ठ्या फाडणारा माणूस होता, त्याला विचारलं.

'गुडघेवाल्या बाई ना? सुरुवातीला आल्या होत्या. मग नाही दिसल्या कधी.'

मी ब्रश हातात घेऊन उभा. तो म्हणाला, 'आजोबा, पाणी देऊ का?'

बसमध्ये डोक्यात काय काय आलं ते लिहीत नाही. या वयात माणसाच्या मनात असलं काही यावं याचीच शरम वाटली, पण आलं. घरी येऊन फाटकाशी उभा राहिलो. गाडी आली. हिनं काच खाली केली, 'असे उन्हात काय उभे?' मी सरळ जाऊन पुढचं डावं दार उघडलं. कव्हरवर केस. शिवणीत लाकडाचा भुसा. काचेवर तो डाग, अजून ओला. आणि आज पहिल्यांदा मी तो न पुसता नीट पाहिला. कपाळाचा नव्हता तो. नाकाचा होता.

'वखारीत जातेस,' मी म्हणालो.

'हो.'

'कधीपासून?'

'तुम्ही सोडून आलात त्याच्या पुढच्या आठवड्यापासून. वखारवाल्याचा फोन आला होता. खात नाही म्हणाला, नुसता फाटकाकडे तोंड करून बसतो.'

'मला का नाही सांगितलंस?'

'तुम्हीच म्हणालात ना, दिला तो दिला?'

'माझ्याशी खोटं बोललीस! मी इथं गुडघे टेकून केस काढतोय आणि तू रोज नवे आणतेस. मैत्रीण म्हणे! त्या मैत्रिणीसाठी मी चादर दिली!'

'चादर त्यानं ओढून काढली. मी तरी काय करू?'

'आणि भिंगरी? तिला काही झालं असतं म्हणजे?'

ही स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून बसली. मग म्हणाली, 'दर वेळी ठरवायचे, आज शेवटचं. पण गाडीचा आवाज ऐकला की तो नुसता वेडा व्हायचा. दार उघडलं की पुढं चढून बसायचा. एक चक्कर मारली की मगच डबा खायचा. त्याला खाली कसं उतरवायचं ते तुम्हीच सांगा.'

'पण तुला तर तो आवडतही नव्हता!'

'असं कधी म्हटलं मी?'

'रोज शिव्या घालायचीस त्याला.'

'तुम्हालाही घालते,' ही म्हणाली आणि रडायला लागली.

रविवार, १६ एप्रिल

अबोला. चहा समोर येतो, कप उचलला जातो, कुणी बोलत नाही.

माझं कुठं चुकलं ते कुणीतरी दाखवावं. नातीसाठी कुत्रा दिला, तो माझा होता. केस काढले, ते मी काढले. आणि गुडघ्याच्या नावाखाली फिरून कौतुक कुणाचं, तर हिचं! तो खात नाही, तर कुणाच्या हातचं खातो? हिच्या. गाडीच्या आवाजाला वेडा होतो, तर कुणाची वाट बघत? पावसापाण्यात, थंडीत, तापात त्याला फिरवला कुणी? एवढ्या वर्षांत या कुत्र्यानं मला ओळखलंच नाही असं म्हणायचं का?

वखारवाल्यानं फोनसुद्धा हिलाच केला. नंबर मी दोन्ही दिले होते, पहिला माझा. नंतर आठवलं, त्या आठवड्यात त्याचा फोन आला होता खरा. मी उचलला नव्हता.

मंगळवार, १८ एप्रिल

परवा लेक येणार आणि गाडी तशीच. सकाळी मी मोजा चढवून गाडीत शिरलो तर थोड्या वेळानं दुसरं दार उघडलं. ही दुसरा मोजा घालून आत आली. काही न बोलता मागच्या सीटपासून सुरुवात केली.

बराच वेळ दोघं नुसते ओढत होतो, ती तिकडून, मी इकडून. मग ही म्हणाली, 'भिंगरी आहे तोवर नाही जाणार मी. शपथ. पण त्यानं पुन्हा खाणं सोडलं तर?'

'कुत्रा आहे तो. भूक लागली की खाईल.'

'तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?'

'नाही.'

'मग पहाटे उठून फाटकापर्यंत कशाला जाता रोज? त्याच्याच वेळेला?'

'पेपर आणायला.'

'पेपर तर दारात पडतो.'

मी रुळाची फट साफ करत होतो, त्यामुळे मान वर करता आली नाही. तिथं पट्टी नीट बसत नव्हती. बाहेर आल्यावर म्हणालो, 'मी जाईन वखारीत. गाडी न्यायची नाही, बसनं. जुने कपडे घालून. आल्यावर सरळ न्हाणीघरात, अंघोळ करून मगच पोरीजवळ. तू डबा दे.'

हिनं मोज्यावरची वळकटी काढून माझ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकली.

गुरुवार, २० एप्रिल

पास!

स्टेशनबाहेर लेकीनं भिंगरीला पोहोचवायला आलेल्या जावयाजवळ उभं केलं आणि मोबाइलचा दिवा लावून गाडीत शिरली. सीटवर तळहात फिरवला, चटई उचलून बघितली, बेल्टची पट्टी शेवटपर्यंत बाहेर ओढली. बेल्ट माझ्याही लक्षात आला नव्हता. पण हिनं तो मंगळवारीच ओल्या फडक्यानं पुसला होता. लेक बाहेर आली, म्हणाली, 'बाबा, मानलं.' गिरणीत मला असं कुणी म्हटलं नाही, कारण तिथं म्हणणारा मीच होतो.

घरी येईपर्यंत आरशातून मी पोरीच्या ओठांकडेच बघत होतो. लेकीनं दोनदा सांगितलं, बाबा, रस्त्याकडे बघा. ओठ लालच होते आणि एक क्षण बंद नव्हते. फाटकात उतरल्यावर भिंगरीनं विचारलं, 'ढब्बू कुठाय?'

'नोकरीला लागला,' मी म्हणालो.

'मग त्यालाही सुट्टी मिळेल ना?'

ही लगबगीनं बॅगा उचलायला लागली. जावई म्हणत होते, आई, राहू द्या, जड आहेत.

शनिवार, २२ एप्रिल

जगात कृतज्ञता नावाची चीज उरलेली नाही!

दुपारी जुना सदरा, फाटकी पँट घालून बसनं वखारीत गेलो. हिनं डबा दिला होता आणि बजावलं होतं, घाई करू नका, आधी पाठीवरून हात फिरवा, मग झाकण उघडा. सगळ्या रस्त्यात एकच विचार होता. एवढ्या दिवसांनी तो कसा येईल, अंगावर उडी मारेल, का रुसून बसेल? रुसला तर हक्क आहे त्याचा, असंही वाटलं. मी हाक कशी मारायची तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

ढब्बू फळ्यांच्या ढिगाच्या सावलीत आडवा पसरला होता. आधीपेक्षा जाड! मी हाक मारली. उठला, शेपूट हलवत आला, माझा हात हुंगला, पिशवी हुंगली, आणि पिशवीपाशीच थांबला. डबा उघडला तर पाठीवरून हात फिरवायचीही उसंत दिली नाही. चाटूनपुसून साफ. मग एक टेम्पो आत आला तसा त्याच्यावर भुंकत निघून गेला. माझ्याकडे ढुंकून बघितलं नाही. मी रिकामा डबा हातात घेऊन उभा, आणि हे महाशय टेम्पोवाल्याची चौकशी करताहेत.

वखारवाला हसत आला. 'काका, छान रमलाय आता. पहिले काही दिवस खाल्लं नाही, खोटं कशाला बोलू. मग लागला खायला. सकाळी आमच्याबरोबर जेवतो, रात्री पुन्हा.'

'म्हणजे? ही येत होती तेव्हाही खात होता?'

'हो की. आमचं खाऊन वर बाईंचं खायचा.'

'मग हिला सांगितलं का नाही तुम्ही?'

तो कान खाजवायला लागला. 'दोनदा सांगायला गेलो होतो. पण बाई डबा घेऊन यायच्या, त्याच्याशी काय काय बोलत बसायच्या. पहिल्या दिवशी फार रडल्या होत्या, काका. मग हळूहळू कमी झालं. म्हटलं, आपलं काय जातं?'

मी त्याला चार शब्द सुनावणार होतो. सुनावले नाहीत. टेम्पो गेल्यावर ढब्बू परत येऊन माझ्या चपलेवर तंगडी टाकून बसला. केसच केस झाले. मी बसची वेळ होईपर्यंत पाय हलवला नाही.

घरी मागच्या दारानं आलो आणि सरळ न्हाणीघरात शिरलो. कपडे बादलीत बुडवले. बाहेर दिवाणखान्यात भिंगरी उड्या मारत गाणं म्हणत होती, खणखणीत, एकदाही न खोकता. अंगावर पाणी घेतलं तेवढ्यात दारावर टकटक झाली.

'खाल्लं का हो त्यानं?' हिचा आवाज हळू, लेकीला ऐकू जाऊ नये असा.

हिनं खोटं सांगितलं म्हणून मी तीन दिवस हिच्याशी धड बोललो नाही. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं: मजेत आहे, दोन्हीकडचं खातो, तुझी गरज नाही. मी नळ बंद केला.

'आधी खाईना,' मी म्हणालो. 'फाटकाकडे बघत बसला होता. गाडी येते का बघत होता. मग मी त्याला सांगितलं, तिनंच पाठवलंय. तेव्हा खाल्लं.'

ही दाराला टेकली तशी कडी वाजली.

'मला माहीतच होतं,' ही म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. 'डोकं दोनदा धुवा. आणि मंगळवारी डबा जरा जास्त देते, वाळला असेल.'

'बरं,' मी म्हणालो आणि पुन्हा नळ सोडला.